तेरवीचा फोटो

३ नोव्हेंबर
झालं एकदाचं! धामणगाव बढ्यात आपलं दुकान उघडलं. ‘मंजुश्री फोटो स्टुडिओ’. पाटीवर बायकोचं नाव टाकलं तर ती लाजली कमी आणि चिडली जास्त, म्हणे रंग लई भडक झाला. सकाळी बुद्धवंदना झाली, पेढे वाटले. दुकान आणि मागच्या दोन खोल्या किसनरावांच्या. तेही शेजारीच राहतात, माणूस देवासारखा.

आल्यागेल्याला कॅमेरा दाखवला. सेकंडहँड आहे, पण या भागात कोणाकडे नाही. फोटो आधी काढायचा, स्पष्ट कोण दिसावं ते नंतर कॉम्प्युटरवर ठरवायचं. पुढच्यावर क्लिक केलं की पुढचा लख्ख, मागच्यावर केलं की मागचा. मंजू म्हणते, याच्यात काय मोठं, मोबाइल नाही का? प्रिंट मोठी काढली की फुटते, संध्याकाळच्या उजेडात काहीच येत नाही, हेही तिनं चार लोकांत सांगून टाकलं. डोकंच फिरलं माझं. मुद्दाम पहिला फोटो तिचाच काढला, दारात पेढ्यांचं ताट घेऊन. मागे ओट्यावर किसनरावांची म्हातारी आई, झुंबरबाई, मका सोलत बसली होती.

१३ नोव्हेंबर
झुंबरबाई काल गेली. झोपेतच. दुकान बंद ठेवलं. परवाच मला दोन कणसं देऊन गेली होती बिचारी.

२१ नोव्हेंबर
किसनराव रडत आले. म्हणे, संघपाल, मायचा एकबी फोटो नाही रे, कॅमेरा दिसला की तोंडावर पदर घे, आता तेरवीले काय मांडू? अशा वेळी लग्नाच्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करतात, इथं तोही नव्हता. मला उद्घाटनाचा फोटो आठवला. मागच्या झुंबरबाईवर क्लिक केलं आणि काय सांगू! सुरकुत्या, हनुवटीवरचं गोंदण, सगळं वर आलं. पुढची मंजू धुकट झाली, तेवढी कापून टाकली. किसनरावांनी माझे दोन्ही हात धरले. मंजूला म्हटलं, आता बोल! पैसे वाया गेले का? ती हसली फक्त.

परवा लग्नाची ऑर्डर आहे. कार्ड आणि कॉम्प्युटर, दोन्ही पुसून मोकळे केले.

२५ नोव्हेंबर
काल तेरवी झाली. फोटोला हार घातला, गाव वाहवा करत होतं. जेवताना किसनरावांच्या बायकोने, बेबीताईंनी, मंजूला विचारलं, तू कोणाची पाहुणी वं? अहो, रोज एका नळावर पाणी भरतात दोघी! मंजूला हसू आलं. मला नाही आलं. सकाळपासून मलाच तिचा चेहरा नीट दिसत नाहीये. चष्मा पुसला, डोळे धुतले. बाकी सगळं साफ दिसतं.

२७ नोव्हेंबर
भर दुपारी झुंबरबाई ओट्यावर बसलेली. मका सोलत. बेबीताईंनी तिला चहा आणून दिला, रोजच्यासारखा.

मंजूचं नाक, डोळे, ओठ हाताला लागतात. दिसत नाहीत. ती आरशापुढे बसून रडते आहे. हे मी केलं. त्या एका क्लिकने केलं. आणि उलट फिरवायला मूळ फोटोच ठेवला नाही!

किसनरावांच्या पाया पडलो. म्हटलं, तो फोटो उतरवा, माझी बायको जाऊन राह्यली. त्यांनी मला हाताला धरून उठवलं. म्हणाले, कोनाची बायको बे? तू त एकटाच आला ना इथं.

२९ नोव्हेंबर
पुढे रिकामी खुर्ची, मागे मंजू. फोटो काढला, मंजूवर क्लिक केलं. काही नाही. बादली ठेवली. काही नाही. पुढे माणूसच लागतो.

गीताबाई पासपोर्ट फोटोला आली. तिला पुढे बसवलं. मागे मंजू, म्हणजे तिचा आवाज. बोट बटणावर होतं माझं. गीताबाई म्हणे, लवकर करा दादा, लेकरू उठलं असंन घरी — नाही जमलं. ओरडून हाकललं तिला. मंजू म्हणाली, बरं केलं तुमी. फार लांबून म्हणाली.

३० नोव्हेंबर
पुढे मीच बसणार. तिला सांगितलं नाही, सांगितलं तर ती स्टुलावरून उठेल. टायमर लावला.
मागे एक पुसट डाग आला आहे. तीच. क्लिक करतोय.

१ डिसेंबर
आली! मंजू — अख्खी — नाकाजवळचा तीळसुद्धा! हाक मारली. पुन्हा मारली. तिला ऐकू जात नाही. घरभर मला शोधते आहे. किसनरावांकडे धावली, मी मागोमाग. ते म्हणाले, कोन संघपाल?

दुपारी
कॉम्प्युटरपुढे बसली आहे. मी शेजारीच. कालचा फोटो सापडला तिला. मागे ती. पुढे धुकट माणूस. हेच असतीन, म्हणते, हेच — याह्यच्यावर क्लिक केलं की दिसतीन — रडते आहे — पण खूश झाली आहे —

मंजू, नको. हात धरतोय मी तिचा. लागत नाही तिला. पुसायला हवा होता मी हा — माऊस माझ्यावर आणला — मंजू, माझ्यावर नको गं, तू जाशी—