जर्मनीत नसलेली खुर्ची

सर,

पिंपळनेरच्या अलीकडच्या आपल्या गावात यंदाही पंधरा ऑगस्टला शाळेपुढे सात खुर्च्या मांडल्या होत्या. दहावी पास झालेल्या सात मुलींचे बाप त्यांच्यावर बसले. एकीचा बाप नाही, तिथं आई बसली. सरपंच त्यांच्या मागे. गावात या खुर्च्यांना जर्मनीच्या खुर्च्या म्हणतात. तसं का म्हणतात हे नव्या पोरांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत. मी धुळ्याहून मुद्दाम गेले होते. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नव्हतं, आता वाटतं, कारण गेल्या वर्षी मीही तुमच्यासारखंच एक काम केलं.

तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात, पण पुस्तकातला कमी. तुमच्या भूगोलात प्रत्येक देशाला एक चांगली सवय होती. स्वीडनमध्ये वर्गात उशिरा येणारा सगळ्यांसाठी पाणी भरतो. जपानात मुलं दुसऱ्याच्या दप्तराला हात लावण्याआधी विचारतात. डेन्मार्कमध्ये जेवण झालं की पुरुष आपलं ताट आपण घासतो. हे सांगून तुम्ही स्वतःचा डबा घेऊन हापशावर गेलात आणि आम्हा सगळ्यांसमोर राखेनं घासलात. मुलगे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी दोघं तुमच्या मागे गेले, आठवड्याभरात रांग लागली. मग एका मुलाची आई शाळेत आली. "गुरुजी, मना पोर घर ईसन ताटली धोवाले लागना. शेजारच्या हासतस." तुम्ही फळा पुसत होतात. मागे न वळता म्हणालात, "डेन्मार्कमध्ये नाही हसत." ती बाई वळली. जाताना दारात म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या." एकदा मी विचारलं होतं, सर, तुम्ही डेन्मार्कला कधी गेला होता? तुम्ही म्हणालात, "तू गेली आहेस का? नाही ना? मग बस खाली." वर्ग हसला. मी बसले, पण प्रश्न गेला नाही.

मी सातवी झाले तेव्हा आबांनी माझी शाळा थांबवायचं ठरवलं होतं. पुढची शाळा पिंपळनेरला, एसटी वेळेवर नाही, आणि आईला घरात हात हवा होता. तुम्ही संध्याकाळी घरी आलात. मी स्वयंपाकघरात चुलीपाशी बसले आहे, आई चहात आलं किसते आहे आणि आम्ही दोघी ओट्यावरचं बोलणं ऐकतो आहोत. तुम्ही शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही बोलला नाहीत. म्हणालात, "आबा, जर्मनीत एक पद्धत आहे. मुलगी दहावी झाली की झेंडावंदनाला तिच्या बापाला पहिली खुर्ची." आबांनी विचारलं, "सरपंचना बाजूले?" "बाजूला नाही. पुढे." आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग विचारलं, "खुर्ची हातवाली की बिनहातवाली?" आईनं तोंडाला पदर लावला. तुम्ही जराही न हसता सांगितलंत, "हातांची." आबा म्हणाले, "बरं." मी पिंपळनेरला जायला लागले. तीन वर्षांनी पंधरा ऑगस्टला तुम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीतली हातांची खुर्ची स्वतः उचलून मैदानात आणलीत. आबा धुतलेली टोपी घालून खुर्चीच्या कडेवर बसले. पूर्ण टेकून बसले नाहीत. पुढच्या वर्षी खुर्च्या दोन झाल्या.

मी पुढे धुळ्याला साहित्य शिकले, पुण्याला जर्मन शिकले आणि सव्विसाव्या वर्षी खरोखर जर्मनीला गेले. एका लहान गावातल्या शाळेत वर्षभर मदतनीस शिक्षिका होते. वहीत तिथल्या सवयी लिहून ठेवायचे. ज्याचा वाढदिवस, केक त्यानंच आणायचा. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी द्यायच्या नाहीत, ते अशुभ. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रात्रीचं जेवण म्हणजे बहुतेक घरी पाव, चीज, काकडी, चूल पेटत नाही. कडाक्याच्या थंडीतही सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबायचं. कुणाकडे न कळवता जायचं नाही. शाळेच्या समारंभात मी एका शिक्षिकेला विचारलं, मुलींचे वडील कुठे बसतात? ती म्हणाली, "जागा मिळेल तिथे." डेन्मार्कची एक मुलगी तिथं होती, तिला ताटांचं विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे यंत्र घासतं. मी खोलीवर येऊन वहीत लिहिलं: सरांनी सगळं मनानं रचून सांगितलं. मला राग आला होता. मी फसवली गेले होते, आणि तेही फार आधीपासून.

परत आले त्या वर्षीच्या झेंडावंदनाला मला बोलायला सांगितलं. तुम्ही निवृत्त झाला होतात, पाहुण्यांच्या रांगेत बसला होतात. मी केक, खिडक्या, रविवार, सगळं सांगितलं. लोकांना आवडलं. शेवटी मी म्हणाले, "एक गोष्ट मात्र जर्मनीत नाही. ही खुर्ची. आपल्या सरांना कुणी सांगितलं कोण जाणे." लोक हसले. तुम्ही जागेवरूनच, माइक नसताना, मोठ्यानं म्हणालात, "नाही? मग त्यांना कळव. बरी पद्धत आहे." लोक आणखी हसले. तेव्हा मला वाटलं, सर सापडले आणि विनोद करून सुटले. घरी येताना वाटेत आबा म्हणाले, "इतलं बोलानं काय काम व्हतं?" मला वाटलं, त्यांचा मान गेला म्हणून दुखावलेत. मी त्यांना समजावलं की खरं ते खरं. त्यांनी वाद घातला नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्या दिवशी माझी परीक्षेची ड्यूटी होती. ती बदलून घेता आली असती.

आता मी धुळ्यात देवपुरात वर्ग चालवते. स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. जर्मनीला जाणाऱ्या नर्स मुलींना भाषा शिकवते. शिरपूर, दोंडाईचा, पारोळा, पाचोरा, सगळीकडून येतात. आठवड्यातला एक दिवस तिथल्या रोजच्या सवयींचा. पेशंटच्या खोलीत शिरताना दार वाजवायचं, त्याला विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, "कसं वाटतंय" विचारलं की उत्तर ऐकून घ्यायचं. मुली हसतात, भांडतात. एक म्हणाली, "मॅडम, वाढदिवसाचा केक आपणच न्यायचा असेल तर मी वाढदिवस सांगणारच नाही." मी डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच शिकवायचे. पाहिलं नसेल तर सरळ सांगायचे की मला माहीत नाही. याचा मला अभिमान होता, आणि त्या अभिमानात तुमच्यावरचा राग होता.

गेल्या वर्षी नरडाण्याजवळच्या एका गावातल्या मुलीचा करार आला. वर्गातली सगळ्यात चांगली मुलगी. शब्द एकदा ऐकला की तिचा. तिचे वडील, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, कोरडवाहू शेती करतात आणि नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गेटवर पहारा देतात. ते कराराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आले. मुलगी सज्ञान होती, त्यांच्या सहीची गरज नव्हती. पण वडील नाही म्हणाले तर जाणार नाही, असं तिनं मला आधीच सांगितलं होतं. मी भाऊंना खुर्ची दिली, पाणी दिलं, कामाचे तास, रजा, दवाखान्याचा विमा, राहायची खोली सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हाई बठ्ठं ठीक शे ताई. पन तठे कोन शे तिनं?"

खरं उत्तर मला माहीत होतं. तिथं तिचं कुणी नव्हतं. आजारी पडली तर डॉक्टर चिठ्ठी देईल, ती कामावर पाठवायची आणि खोलीत पडून राहायचं. मला तिथं पहिल्या हिवाळ्यात ताप आला होता तेव्हा पाच दिवस माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. वाईट कुणीच नव्हतं. न कळवता कुणाकडे जायचं नाही, आणि मी कुणाला कळवलं नव्हतं, एवढंच. भाऊ वाट बघत होते. मुलगी दाराशी उभी होती, तिनं मान खाली घातली होती. मी म्हणाले, "भाऊ, जर्मनीत एक पद्धत आहे."

सर, वाक्य तोंडातून गेलं आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. मी थांबले नाही. म्हणाले, नवी नर्स आली की तिच्या आधी गेलेली एक जण तिची मोठी बहीण होते. पहिलं वर्षभर दर रविवारी लहानीनं मोठीकडे जेवायचं. लहानी आजारी पडली तर मोठी येऊन बसते. भाऊ पुढे झुकले. "लिहीसन देतस का?" मी म्हणाले, "लिहून देत नाहीत. पण पाळतात." "नाव काय त्या बाईनं?" "मंगळवारी सांगते," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अंमळ जास्तच वेळ. मग कागद पिशवीत घातले आणि म्हणाले, "बरं. जाऊ द्या मंग." मुलगी रडली नाही. ती पाण्याचा ग्लास उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सोमवारी मी पाचोऱ्याच्या मुलीला फोन लावला. ती माझ्या पहिल्या तुकडीतली, तीन वर्षं तिथं आहे, नवी मुलगी जाणार त्या गावापासून आगगाडीनं दीड तासावर. ऐकून ती म्हणाली, "अशी पद्धत कुठाय इथं मॅडम? मला तीन वर्षांत कुणी चहा विचारला नाही."

"आता आहे. तुझ्यापासून."

"रविवारी माझी ड्यूटी असते."

"मग शनिवारी."

"तुम्ही रविवार सांगितलाय ना त्यांना?"

"शनिवारी जेवली तर काय पोट भरणार नाही?"

ती हसली. मग म्हणाली, "वांगी इथली गुळगुळीत असतात, भरताला चव येत नाही. पण करते." मंगळवारी मी भाऊंना तिचं नाव, गाव आणि फोन नंबर दिला. त्यांनी तो वहीच्या कव्हरवर लिहून घेतला.

मुलगी गेली. सुरुवातीचे दोन शनिवार पाचोऱ्याच्या मुलीला जमलं नाही, मी दोन्ही वेळा तिला बोलले, दुसऱ्यांदा जरा जास्तच. तिसऱ्यापासून सुरू झालं. जानेवारीत धाकटीला ताप आला तर मोठी सुट्टी काढून तीन दिवस तिच्याजवळ राहिली. त्यानंतर दोंडाईच्याची एक गेली, तिला या धाकटीनं मोठी होऊन सांभाळलं. मला कुणाला फोन करावा लागला नाही. वॉर्डातल्या एका जर्मन बाईनं त्यांना विचारलं, ही तुमच्या भारतातली पद्धत का? त्या हो म्हणाल्या. आता ती बाई अधूनमधून शनिवारी केक घेऊन येते, वाढदिवस कुणाचा नसतानाही.

भाऊ होळीनंतर आले. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या. मुलीचे फोटो दाखवले, चहा घेतला. मग कपाकडे बघत म्हणाले, "ताई, तशी पद्धत तठे नव्हती, हाई मले तवयच समजनं व्हतं."

मी म्हणाले, "मग हो का म्हणालात?"

"जी बाई मनी पोरकरता इतलं खोटं बोलस, ती तिले सोडी देई का?" ते हसले नाहीत. "मी गेटवर बसस ताई. रोज मानसं खोटं बोलतस. कोनतं कसाकरता, ते समजस."

ते गेल्यावर मी वर्गाच्या खोलीत बसून राहिले. आबांनाही तेव्हाच समजलं असणार. त्या बाईलाही, जिच्या मुलानं ताटली धुतली. मी सगळ्या गावाला मोठ्या धैर्यानं एक खरी गोष्ट सांगितली, आणि ती त्या मैदानात मला सोडून सगळ्यांना माहीत होती. लोक हसले ते तुम्हाला नव्हे. आबा त्यानंतर नऊ वर्षं होते. मी त्यांना विचारलं नाही, विचारण्यासारखं काही आहे हेच मला कळलं नव्हतं. तुमची माफी मागायला हे लिहीत नाही. तुम्ही ती ऐकून घेतली नसती, बस खाली म्हणाला असता. मी एवढंच सांगते की ते काम आता माझ्याकडे आहे आणि मला जमतं. खोटं सांगणं सोपं आहे, नंतरचे फोन जास्त असतात, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. काल नव्या तुकडीतल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, ही मोठ्या बहिणीची पद्धत जर्मनीत कधीपासून आहे?

फार जुनी आहे, मी म्हणाले.