आईंच्या दोन गोळ्या

१२ जानेवारी १९८७, सोमवार
दिवाळीनंतर वहीला हात लावला नाही, त्याबद्दल माफी. कारण म्हणावं असं काही नाही. आज लिहिते आहे ती घाबरून.
सासूबाई सकाळच्या दोन गोळ्या, खाजेची नि सर्दीची, घेऊन चहा टाकायला गेल्या. गॅस सोडला आणि काडी ओढायची राहिली. वासानं यांना जाग आली. खिडक्या उघडल्या तेव्हा आई स्टुलावर बसून भिंतीकडे बघत होत्या. "मुंग्ये लागलेत गो भिंतीक." भिंतीवर काही नव्हतं.
समोरच्याच्या हातात कुठली पानं आहेत ते चेहऱ्यावरून ओळखणारी बाई. यांना रोज रमीत हरवणारी. बँकेत दिवसभर माझ्या चुका. दोन व्हाउचरं परत आली.

१४ जाने., बुध.
संक्रांत. मोठे भाऊजी बोरिवलीहून तिळगूळ घेऊन आले. आईंनी त्यांना विचारलं, "तुझे बाबा नाही आले?" मामंजींना जाऊन किती वर्षं झाली. भाऊजींचा लाडू हातातच राहिला.
मग स्वयंपाकघरात मला हळूच: "वसुधा, हे वय आहे. तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, घरात गॅस. गावी चुलतभाऊ आहे, माणसं आहेत घरात. रविवारची, पंचवीस तारखेची तिकिटं काढतो, मीच पोचवून येतो." वाईट मनानं नाही बोलले. चष्मा पुसत होते.
क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आईंचं वय नाकारून काय उपयोग, वाटलं.

१५ जाने.
अर्धी रजा. दुपारी आई एकदम स्वच्छ बोलल्या. "मी बहिरी नाय हां. थोरल्याचं सगळं ऐकलंय."
मग म्हणाल्या, "गोळी घेतली की तोंडात लाकूड ठेवल्यागत कोरड पडते. त्याच्या मागून मुंग्या. आधी कोरड, मग मुंग्या. उलटं कधीच नाही. तू बघ."
थोड्या वेळानं: "खाजेचा डॉक्टर वेगळा, सर्दीचा वेगळा. एकानं काय दिलं ते दुसऱ्याला माहीत आहे का गो?"
दोन्ही गोळ्या मीच हातावर ठेवते. खाजेची घाटकोपरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली, पाकिटातली. सर्दीची खालच्या आपल्या डॉक्टरांनी कागदाच्या पुडीत बांधून दिलेली, सुटी. इतक्या वर्षांत पुडीत काय आहे ते आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. त्यांना मी फक्त सर्दी सांगितली. जणू खाज आणि सर्दी दोन वेगळ्या बायकांना झाली होती.
स्वतःचं डोकं जातंय असं सगळे म्हणत असताना त्याच डोक्यानं हे शोधायचं. मला जमलं नसतं.

१६ जाने.
सकाळच्या गोळ्या दिल्या नाहीत. पाकीट आणि एक पुडी घेऊन खालच्या डॉक्टरांकडे. जिन्यात वाक्यं जुळवत उतरले, त्यांना राग येऊ नये म्हणून. त्यांनी पाकीट चष्म्याजवळ धरून वाचलं, पुडीतली पिवळी गोळी शेजारी ठेवली. "नावं वेगळी, जात एकच. ॲलर्जीचीच दोन्ही."
"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?" आणि लगेच, "मी तरी कुठे विचारलं." हे दुसरं वाक्य त्यांना न बोलताही चाललं असतं. बोलले.
म्हातारपणी यातली एकेक गोळीही जड जाते म्हणाले. झोप, कोरड, तोल जाणं, भ्रम. "लघवी होते का नीट?" मला माहीत नव्हतं. दोन्ही बंद. लघवी तुंबली असेल आणि संध्याकाळपर्यंत झाली नाही, तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. "उरलेल्या गोळ्या तुम्ही शिंकेला घेऊ नका, नाहीतर काउंटरवर पेंगाल." पण हेही बजावलं की सगळं गोळीचंच असं ते आज सांगणार नाहीत. पंधरा दिवस बघू.
घरी येऊन आईंना विचारलं. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "दोन दिवस बसते नि उठते, थेंब थेंब. कुणाला सांगू, पोराला?" मला सांगता आलं असतं. मी विचारायला हवं होतं.
संध्याकाळी टॅक्सी बोलवायच्या बेतात होतो, तेवढ्यात मोरीतून हाक आली. मी आत जाऊन आले आणि यांना सांगितलं, "झाली." इतक्या आनंदानं हा शब्द या घरात कुणी उच्चारला नसेल.

१९ जाने., सोम.
खाज परत, फार. कोमट पाणी, खोबरेल, जुनं मऊ लुगडं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. गोळी एकदाही मागितली नाही. "खाज सोसते. डोकं गेलेलं नाही सोसत."
आईंनी स्वतःची परीक्षा स्वतःच लावली आहे. रोज संध्याकाळी यांच्याबरोबर रमी. यांना दम: "मुद्दाम हरू नकोस, मला कळतं." काल हरल्या, आजही. पत्ते खाली ठेवून म्हणाल्या, "अजून धुकं आहे." मी असते तर पानं वाईट आली म्हटलं असतं.

२१ जाने.
तोंड ओलं राहतंय. मुंग्या नाहीत. आज आई जिंकल्या, वर यांना झापलं: "राणी धरून काय बसलास? तिच्याशी लग्न लावायचंय?" हे इतके खूष की दोनदा चहा केला.
आईंना म्हटलं, आता सकाळचा चहा तुम्हीच टाका. "तू उभी असलीस तर. माझाच माझ्यावर भरवसा नाय अजून." कौतुक करावं की रडावं.

२२ जाने.
भाऊजी तिकिटं घेऊन आले. गोळ्यांचं यांनी त्यांना आधीच कळवलं होतं. आईंनी पत्त्यांचा कॅट पुढे सरकवला. "बस. वाट."
भाऊजी: "आई, खेळ पुरे. गोळीनं कुणी बाबा गेलेले विसरतं का?"
"विसरले नव्हते. त्या घटकेला ते यायचे होते, एवढंच." मग म्हणाल्या, "गावाला जाईन रे. मे महिन्यात, आंब्याला. माझ्या पायांनी. पाठवलेली नाय जायची."
भाऊजींनी तिकिटं खिशात ठेवली. फाडली नाहीत, परत करतो असंही म्हणाले नाहीत. दोन डाव खेळले, दोन्ही हरले.
चपला घालताना आईंनी त्यांना "नीट जा हां, भाऊ" म्हटलं. भाऊ म्हणजे आईंचे धाकटे दीर, वारलेले. फक्त मी ऐकलं. मीही बँकेत माणसांची नावं चुकते. तरी.

२३ जाने., शुक्र.
डॉक्टरांना नावाचं सांगितलं. "नावं मीही चुकतो. गोळीचा असर पुरता जायला वेळ लागतो, आणि वयही आहेच. दोन्ही खरं असू शकतं." मला एकच काहीतरी खरं हवं होतं.
घरी येऊन ठरवत होते, ही चूक आपल्यापुरतीच ठेवावी. भाऊजींना कळलं तर तिकिटं पक्की. मग वाटलं, हे आईंसाठी की मी गोळ्या दिल्या त्याची भरपाई? शेवटी आईंनाच सांगितलं. त्या हातावर खोबरेल चोळत होत्या.
"भाऊ म्हटलं मी? मग थोरल्याला सांग तसं."
"आई, ते तुम्हाला घेऊन जातील."
"लपवून ठेवलीस तर मी तुझ्या घरात चोरून राहिल्यासारखी होईन. आधी ते सांग. मग सांग, आईला इथंच राहायचं आहे. मग काय ते त्याला ठरवू दे."
आमच्या घरातलं सगळ्यात शाबूत डोकं कुणाचं, याची मला आता शंका नाही. भाऊजींना पटेल का, माहीत नाही.
उद्या: बँकेतून भाऊजींना फोन. आधी नावाची चूक, मग तिकिटं.