सोनीने 'न'वरून शब्द सांगितला

सिल्वासा, मंगळवार

तीर्थरूप बायडाआत्याच्या पायांवर वाल्मिकचं डोकं (ते सध्या ठिकाणावर नाही, तरी ठेवून घे). तुझे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

परवा मी नाशिकला दुर्गाला पाहायला गेलो, तर तिच्या घरच्यांनी मला चहासुद्धा न विचारता परत का लावलं, हे तू फोनवर इतक्या जोरात विचारलंस की मी फोनच ठेवून दिला. आता शांतपणे लिहितो. दादा-वहिनीला कंपनीतून सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्यांच्या सोनी आणि ओंकारला मीच बरोबर घेतलं. (पोरं सोबत असली की मुलगा प्रेमळ दिसतो, असा माझा हिशेब.) बसमधून खानवेल गाव मागे गेलं, घाट लागला आणि ओंकारचा चेहरा पिवळा पडायला लागला. त्याचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून मी शब्दांच्या भेंड्या काढल्या. आता सोनी शिकते गुजराती शाळेत, घरी बोलते आपली भाषा आणि गल्लीत हिंदी. ती 'डुंगळी' म्हणाली. डुंगळी म्हणजे कांदा, तो चालतो का नाही? ओंकार म्हणाला, चालत नाही, तो नुसता पडून असतो. पंच मीच, आणि मलाच नियम माहीत नाहीत. असं करत करत 'विमान' आलं, आणि 'न'वरून सोनी ओरडली, 'नवरा!'

पुढच्या सीटवरचे टोपीवाले बाबा कौतुकाने मागे वळले. म्हणाले, "बाई गं, कोनाचा नवरा?" सोनी म्हणाली, "अमारा काका. आखो दिवस नवरा!" (आखो दिवस म्हणजे दिवसभर.) बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का हो?" मी हसून म्हणालो, "हो ना, सध्या नवराच आहे, काय करणार!"

आत्या, देवाशपथ सांगतो, माझ्या कानाला तो शब्द खटकलाच नाही. इकडे गुजरातीत नवरा म्हणजे ज्याच्या हाताला काम नाही तो. इतकी वर्षं सिल्वासाजवळ मसाटला राहून मीही दोस्तांना 'नवरा आहेस का, चहा घेऊ' असंच म्हणतो. बाबांनी टोपी नीट केली आणि पोरीला विचारलं, "आन् रातचं?" सोनी म्हणाली, "रात्रे सूई जाय." (म्हणजे झोपतो.) बाबांनी त्यानंतर नाशिकपर्यंत तोंड खिडकीबाहेरच ठेवलं. मला वाटलं, त्यांनाही गाडी लागली.

दुर्गाच्या दारात तेच बाबा उभे! ते तिचे झुंबरमामा निघाले. मी वाकलो, तर पाय मागे घेऊन म्हणाले, "सूईबाईला इचारून आलात का?" मला वाटलं, यांना सुई हवी आहे. मी खिसे चाचपले. आतून कोणीतरी म्हणालं, "कबूल तर केलंय त्यानं बसमधी!" काय कबूल केलं, ते मला कळेना. परतीच्या गाडीत निम्मा घाट उतरल्यावर डोक्यात उजेड पडला, आणि मग मात्र फार वाईट वाटलं. पडद्याआडून दुर्गा एकदा दिसली होती. ती हसू दाबत होती. मला ती आवडली आत्या, उगाच लपवत नाही.

तुझा,
वाल्मिक

ता. क. तू स्वतः जाऊन झुंबरमामांना सांग, सूई नावाची बाई नाही, माझं लग्न झालेलं नाही, सोनीचा शब्द गुजराती होता.

ता. क. २. ते अर्थ विचारतीलच. तेव्हा 'मोकळा' असा सांग, 'रिकामा' असा सांगू नकोस. मसाटच्या ठेकेदाराने मला ब्रेक देऊन घरी बसवलंय आणि परत बोलावलेलं नाही. मी रोज डबा घेऊन निघतो आणि दादा-वहिनी कामावर गेले की घरी येतो. हे फक्त सोनीला माहीत आहे, कारण ती शाळेतून येते तेव्हा दार मीच उघडतो.