चौथा दगड

अप्पा, तुमचं टेबल आता माझ्याकडे आहे. म्हणजे काम तेच; लाकडी टेबल केव्हाच भंगारात गेलं. खाणपट्ट्यांच्या ज्या फायली तुम्ही लाल फडक्यात बांधून ठेवायचात, त्या आता संगणकात आहेत. दगडाची खाण हवी असलेला माणूस कचेरीची पायरी चढत नाही, घरबसल्या अर्ज भरतो. चारी कोपऱ्यांचे आकडे टाकले की नकाशावर लाल चौकोन उमटतो. खडीच्या ट्रकचा पाससुद्धा ड्रायव्हरच्या मोबाइलवर जातो. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, "ते सगळं बरं हाय, पण जागेवर कोण गेलं?"

तुम्ही जायचात. मोजणीदाराबरोबर लिपिकाने उन्हात हिंडायची काही गरज नसायची, तरी डबा घेऊन निघायचात आणि शाळेला सुट्टी असली की मलाही न्यायचात. खारबावच्या पलीकडच्या पाड्यावरचा तो दिवस मला लख्ख आठवतो. खाणीच्या चार कोपऱ्यांवर चुना फासलेले दगड रोवायचे आहेत. तीन रोवून झालेत. चौथा मंजूर नकाशाप्रमाणे रोवला तर पाड्याची विहीर हद्दीच्या आत जाते, म्हणून एक बाई नेमक्या त्या जागेवर हंडा ठेवून उभी राहते. "सुरुंग लागला का झरा सरकंल. मंग आमी प्यायचा काय?" खाणवाला कुरकुरतो. तुम्ही त्याला शांतपणे म्हणता, "शेट, तुमाला दगड पायजे ना? तो पलीकडंबी हाय." बऱ्याच घासाघिशीनंतर चौथा दगड चिंचेपाशी सरकतो आणि विहीर बाहेर राहते. तुम्ही गुडघ्यावर फाइल धरून समासात पेन्सिलीने लिहिता: विहीर सोडून, चौथा दगड चिंचेपाशी. मी हौसेने माझं नवंकोरं शाईचं पेन पुढे केलं, तर सगळ्यांदेखत डाफरलात, "पुन्ना एकदा हद्द चालून आल्याबिगर शाई न्हाय!" घरी येईपर्यंत मी तुमच्याशी अबोला धरला होता.

दुसरी फेरी राहूनच गेली; नोंद पेन्सिलीतच राहिली आणि नकाशा जुनाच. तुमची बदली झाली, मग तो आजार.

यंदा त्या पट्ट्याच्या नूतनीकरणाचा अर्ज आला, नव्या मालकाचा. पाठोपाठ तीच बाई आली, आता पार वाकलेली, नातसुनेचा हात धरून. मी कोणाची मुलगी हे कळल्यावर म्हणाली, "तुज्या बापसानं दगड हलवला व्हता. आता ह्ये खाणवाले मोबाइलात दाखवतात, म्हंत्यात हिर त्यांच्या हद्दीत. तुज्या बापसानं लिवलेलं दाव की त्यांना." मी स्क्रीनवर फाइल उघडली. समास कोरा. पेन्सिल स्कॅनमध्ये उमटलीच नव्हती. खरं सांगते अप्पा, तुमचा भयंकर राग आला. शाईने लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?

जुनं दप्तर हल्ली कशेळीच्या एका गोदामात असतं. तीन दिवस धूळ खाल्ली तेव्हा मूळ फाइल मिळाली. कागद उजेडात तिरका धरला तर अक्षर दिसतं, तेवढंच. साहेबांना घेऊन पाड्यावर गेले, सगळी हद्द पायी चालले. चिंच तोडलेली आहे, पण तिच्या खुंटाशेजारी, करवंदीच्या जाळीत, चौथा दगड आहे. साहेबांनी तिथेच पंचनामा केला. लाल चौकोन बदलला, विहीर बाहेर आली. निघताना म्हातारीने तिथलंच पाणी पाजलं. तुमची नोंद मी अहवालात शाईने लिहिली. हद्द चालून आल्यावर लिहिली, तेव्हा तुम्हाला रागवायला जागा नाही.

चूक कशामुळे झाली, हे अहवालात द्यावं लागतं. मी लिहिलं, "पेन्सिलीची नोंद स्कॅनमध्ये उमटली नाही." साहेबांनी मान डोलावली. ते खोटं नाही.

पण त्या फायली संगणकात भरणारी मीच होते, अप्पा. त्या दिवशी मूळ कागद माझ्या हातात होता. मी समास पाहिला, तुमचं अक्षर ओळखलं, ते पेन आठवून हसलेसुद्धा. फॉर्ममध्ये चार कोपऱ्यांचे चार रकाने होते, समासाला रकाना नव्हता, आणि शेजारी फायलींचा ढीग होता. नंतर बघू म्हटलं आणि पान उलटलं. हे मी अहवालात लिहिलेलं नाही. इथे लिहिलंय, पण पेन्सिलीने.