लेकीच्या घरातलं उघडं दार

प्रिय घरधनीणबाईंस, दुरून सप्रेम आठवण.

तिकीट स्वस्तात पडलं. महाग पडतंय ते लेकीसमोर दिवसभर हसणं. तुझा गुडघा कसा आहे?

पूर्वी जेवताना दोघं मिठा-मिरपुडीच्या डब्यांचं सैन्य करून भांडायची, आठवतं? लेक पूर्वेकडच्या जुन्या युद्धनीतीची बाजू घ्यायची, जावईबापू पश्चिमेकडच्या. दोघंही कॉलेजात शिकवतात तेच ना! आता घरात चमच्याचासुद्धा आवाज नाही. विचारलं, तर दोघंही "काही नाही" म्हणतात.

पण माझे कान तुला ठाऊक आहेत. काल भिंतीपलीकडे जावई म्हणाले, "एकदाच समोरासमोर भांड. आमचे सेनापती तेच सांगतात, एका लढाईत निकाल लावा."

"आमचे सांगतात, न लढता जिंका," लेक म्हणाली. "आणि वेढलेल्याला एक वाट मोकळी ठेवा. दार उघडं आहे."

"मग जिंकलीस की!"

ती हुंदके देत होती.

तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. कारखान्यातले संप मिटवलेत मी, त्यापुढे हे काय! दोघांना एका टेबलाशी बसवूनच परत येतो. गोळ्या वेळेवर घे.

तुझाच,
घरधनी

ता.क. पाकीट चिकटवण्याआधीच जावई बॅगा घेऊन गेले. लेक अजून दार लावू देत नाही.