मामा नेपच्यून झाले त्याची हकीकत

मु. चिंचझरी, ता. राळेगाव
सोमवार, दुपार

तीर्थरूप सुचित्राताईस,

धाकट्या अनंताचा, कंबर परवानगी देते तितका वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून तिच्याकडे बघतेस? अनिकेत आणि सूनबाई खुशाल असतील. मी उत्तम आहे. डाव्या टाचेला फोड आलाय, पण तो कर्तव्य बजावताना आलेला असल्यामुळे मी त्याच्याबद्दल तक्रार करत नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू माझं पहिलं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. (सहासष्ट वर्षांत एकदाच दिलं होतंस, तेव्हा तुझी दाढ काढलेली होती.) पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लाव आणि निवांत बस.

तू बजावलंस तसा मी शुक्रवारच्या एसटीनं इथं आलो. तुझा निरोप घडी घालून मनात ठेवला होता: तीन वर्षं झाली, लेक कुठल्या कोपऱ्यातल्या शाळेत पडून आहे, आता शिक्षकांच्या बदल्यांचं पोर्टल उघडलंय, बदलीचा अर्ज भर आणि पुण्याकडे ये. गाडीत मी तो दोनदा घोकला, एकदा रागावून आणि एकदा प्रेमानं. पण स्पृहानं दारातच माझ्या हातातली पिशवी घेतली, पाय धुवायला गरम पाणी दिलं, जेवू घातलं आणि म्हणाली, "मामा, आईनं काय सांगून पाठवलंय ते मला ठाऊक आहे. उद्या सकाळची शाळा होऊ द्या, मग ऐकते. उद्या मला एक मोठा माणूस कमी पडतोय, याल का?" मी वांग्याच्या भाजीशी दोन भाकरी संपवल्या होत्या. अशा माणसाला नाही म्हणता येत नाही.

सकाळी शाळेत गेलो तर फाटकाला एक परात टांगलेली. सव्वादोन फुटांची, हळद फासलेली, उन्हात लखलखणारी. तो सूर्य. परात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या इंदूबाईंची. त्यांनी ती दहा वाजता परत मिळण्याच्या बोलीवर दिली होती. ("दहाच्या वर एक मिनिट नाही, मॅडम. सूर्य ठेवा नाहीतं खिचडी खा.") आणि शेजारी एका ताटात बाकीचं विश्व मांडलेलं. बुध म्हणजे मोहरीचा दाणा. शुक्र आणि पृथ्वी, तुरीचे दोन दाणे. मंगळ मुगाचा. गुरू संत्र्याचा, शनी त्याहून जरा लहान संत्र्याचा आणि त्याला पुठ्ठ्याचं कडं. युरेनस आणि नेपच्यून हे दोन आवळे. ताई, आपण शाळेत नऊ ग्रह पाठ केले ते एका ओळीत, डब्यातल्या लाडवांसारखे शेजारी शेजारी. तुझी लेक पोरांना सांगत होती की पुस्तकातलं चित्र कागदाला पुरावं म्हणून तसं काढतात. खरं अंतर पायांनी कळतं. तुमचं एक पाऊल म्हणजे दहा लाख किलोमीटर. चला, मोजा.

बुध अठ्ठावन्न पावलांवर, शुक्र एकशे आठवर, पृथ्वी दीडशेवर. तिथं गावातल्या मथुराबाईंचं अंगण लागतं. पालथ्या वाटीवर तुरीचा दाणा ठेवून अश्वजित नावाचा पाचवीतला मुलगा राखणीला बसवला. मला वाटलं, झालं, आता आपल्याला इथंच कुठंतरी सावलीत उभं करतील. तर स्पृहानं माझ्या हातात आवळा दिला. नेपच्यून! चार हजार पाचशे पावलं! लेकरांना एवढ्या लांब एकटं कसं पाठवायचं, म्हणून मोठा माणूस हवा होता. माझ्याबरोबर पायल नावाची चौथीतली मुलगी दिली, कारण मोजायची पावलं तिची होती. (माझी पावलं लांब पडतात म्हणून ती बाद झाली. चौतीस वर्षं कचेरीत मी हळू चालतो म्हणून बोलणी खाल्ली, ती आठवली.)

आम्ही निघालो. मंगळ गेला, मग कितीतरी वेळ काहीच नाही. दोन्ही बाजूंनी वेचणीला आलेला कापूस आणि मधून आम्ही दोघं. सातशे अठ्ठ्याहत्तरवर गुरू भेटला, त्याच्या राखणदाराची नजर संत्र्यावर होती आणि ती मला बरी वाटली नाही. (परत येताना निम्मा गुरू शिल्लक होता.) शनीनंतर मी पायलला कचेरीतल्या गोष्टी सांगायला लागलो आणि अठराशे कितीतरीला तिची मोजणी चुकवली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू पाहायचीस. मग ती मुकाट्यानं शनीपर्यंत परत गेली आणि पुन्हा मोजत आली. मीही गेलो. फोड तिथलाच.

फाट्यावरच्या लिंबाखाली साडेचार हजार भरले. मागं वळून पाहिलं तर एवढी मोठी परात! एक पिवळा ठिपका, तोही डोळे बारीक केले तर. ताई, मी तिथं आवळा धरून उभा राहिलो आणि सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मला कळलं की लांब म्हणजे काय. मी पायलला म्हणणार होतो की बघ, केवढं हे विश्व. तेवढ्यात तीच म्हणाली, "मामा, तुमी मॅडमले न्याले आले का?"

साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी कचेरीत भल्याभल्या साहेबांना गोलमाल उत्तरं दिली आहेत, पण त्या पोरीसमोर जमेना. म्हटलं, "हो. तिच्या आईनं पाठवलंय."

तिनं माझ्या हातातला आवळा स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाली, "मांगच्या सरायची बदली झाली तवा हा धडा मंगळावर आलता. त्याच्या पुढं काय हाये ते आमाले आतालोक ठावंच नोतं."

बस, एवढंच. रडली नाही, काही नाही. आवळ्याकडे बघत राहिली. इतक्यात धुळीतून एक सायकल आली आणि अश्वजित धापा टाकत ओरडला, "मामा, चला लौकर! पृथ्वी कोंबडीनं गिळली!"

आम्ही परतलो तेव्हा मथुराबाईंच्या अंगणात सगळे ग्रह जमले होते. मथुराबाई कोंबडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या आणि सूपभर तूर पुढं करून म्हणत होत्या, "मॅडम, पाहिजे तेवढ्या पृथ्व्या घ्या, पन लेकरायचा धडा नोका बुडवू." मी असतो तर एक दाणा उचलला असता आणि विषय मिटवला असता. तुझी लेक मांडी घालून खाली बसली आणि पोरांना विचारलं, त्या पृथ्वीवर काय काय होतं? पोरं सांगू लागली. राळेगाव होतं. शाळा होती. इंदूबाई होत्या. कापूस, नदी, यवतमाळचं बसस्टँड. मथुराबाईंचं घर होतं. आणि एकदम अश्वजित उठून उभा राहिला, "मॅडम, कोंबडीबी पृथ्वीवरच होती नं? मंग तिनं सोताले कसं गिळलं?"

काय हसली ती पोरं! मथुराबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मग स्पृहा त्यांना म्हणाली, "आता नवी पृथ्वी तुम्हीच निवडा." आणि ताई, त्या बाईनं सूप मांडीवर घेऊन जी निवड केली! हा किडका, हा पोचट, हा बारका. पोरं श्वास रोखून बसलेली. शेवटी एक टपोरा दाणा पदरानं पुसून त्यांनी तळहातावर ठेवला आणि वाटीवर ठेवायला नकार दिला. धडा संपेपर्यंत त्या पृथ्वी हातात धरून उभ्या होत्या, दुसऱ्या हातानं कोंबड्या हाकलत. मी आयुष्यात पुष्कळ शिक्षक पाहिले, त्यातली एक तर तूच. पण रागवावं अशा वेळी खाली बसून प्रश्न विचारणारी तुझी लेकच पाहिली.

दहा वाजता इंदूबाई सूर्य घेऊन गेल्या. खिचडीला हळदीचा जरा जास्तच रंग आला होता.

दुपारी स्पृहानं आठवणीनं तुझा निरोप मागितला. मी सगळा सांगितला, एक शब्द गाळला नाही, रागाचाही आणि प्रेमाचाही. तिनं नीट ऐकला. आता थांबतो. सर्वांना आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार.

तुझा,
अनंता

ता. क. १: अर्जाची मुदत आज दुपारी बारा वाजता संपली. तिनं भरला नाही. मी शेजारीच बसलो होतो आणि भर म्हणालो नाही. काय रागवायचं ते माझ्यावर रागव. पोरीला फोन करशील तेव्हा आधी धडा कसा झाला ते विचार.

ता. क. २: खरं काम आता लिहितो. येत्या शनिवारी तिसरीच्या लेकरांसाठी हा धडा पुन्हा आहे, आणि प्लूटोला माणूस मिळत नाही. मी तुझं नाव दिलंय. सहा हजार पावलं आहेत, पण तिथवर गाडी जाते आणि बसायला पुलाचा कठडा आहे. प्लूटोला तर ग्रहांच्या यादीतून काढलंय, मग त्याला माणूस कशाला, असं तू म्हणशील; स्पृहानं वर्गात ते सांगितलं तेव्हा मीही हेच म्हणालो. पण पायल म्हणाली, "काढलं म्हून काय तो फिराचा थांबला का?" तेव्हा तेलाची बाटली घे आणि ये.