मालक जेवल्याचा निरोप

ता. १८ जानेवारी १९३४
सौ.ने आमटीत पुन्हा दोनदा मीठ घातले. ताट सरकवून उठलो. चाळीस वर्षांच्या संसारात जेवणावरून पहिल्यांदाच आवाज चढवला. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. दुपारी नवी पेठेत जुन्या कापडदुकानात जाऊन बसलो. काम सुटून तीन वर्षे झाली, तिथे आता माझे काय अडले होते? पण घरी बसवेना.

ता. २ फेब्रु.
नळावरून येताना सौ. घर चुकली. शेजारच्या गंगव्वाने हाताला धरून आणली. म्हणते, "अण्णा, कुनीतरी भानामती केलीया. अक्कलकोटाकडं एक जाणता हाय." गल्लीतल्या बायांनी तिला बोलावणे सोडले. वेड शिवाशिवीने लागते की काय!

ता. ९ फेब्रु.
वैद्य म्हणाले वात. डोक्याला तेल दिले. मग डॉक्टरांकडे. ते म्हणाले, वेड नव्हे, भानामती नव्हे, म्हातारपणात काहींचा मेंदू झिजतो. औषध नाही. रागावू नका. मिठाचा दिवस आठवला. फार लाज वाटली.

ता. २१ फेब्रु.
भाजी घेऊन आलो तर सौ.ने डोईवर पदर ओढला. दाराआडून म्हणाली, "मालक कापडाच्या फेरीवर गेल्यात. कट्ट्यावर बसा." अगं, मीच की! आतून कडी. तासभर कट्ट्यावर. येणारेजाणारे बघतात.

ता. २४ फेब्रु.
आता रोज हेच. पाहुणा म्हणून मला वाढते, आग्रह करून वाढते. स्वतः जेवत नाही. मालक जेवण्याआधी कशी जेवेल? तीन दिवस नुसत्या पाण्यावर. गंगव्वा म्हणाली, "अक्का, ह्योच की तुजा नवरा." "ह्यो? ह्यो म्हातारा हाय. आमच्या मालकांच्या मिशा काळ्याभोर." कलप आणून मिशा रंगवल्या. सौ. पोट धरून हसली. ओळखले मात्र नाही. जेवलीही नाही.

ता. २५ फेब्रु.
मिशा धुऊन टाकल्या. दुपारी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो, कट्ट्यावरूनच हाक दिली, "टेंभुर्णीहून आलोय. मालकांचा निरोप हाय. ते तितं जेवले, तुमी जेवून घ्या म्हनाले." कापडाच्या फेरीवर असलो की असाच निरोप धाडायचो, कुणी सोलापूरला येणारा भेटला तर.
"काय जेवले?"
"भाकरी, पिठलं."
"ताक व्हतं का?"
"व्हतं की."
जेवली! दीड भाकरी. मी बाहेर बसून भांड्यांचा आवाज ऐकला आणि रडलो. आनंदाने म्हणावे तर तसेही नाही.

ता. ६ मार्च
निरोप रोज लागू पडतो. मालक कधी टेंभुर्णीला जेवतात, कधी करकंबला. आज तिचा धाकटा भाऊ करकंबहून आला. "दाजी, वेड्यांच्या इस्पितळात ठिवू, न्हाईतर अक्काला मी न्हेतो. तुमचं हाल बगवत न्हाईत." भला माणूस. पण तिथे तिला जेवायला कोण सांगणार? सोमवारी सांगतो म्हटले.

ता. ११ मार्च, रविवार
आज निरोप सांगितला तर तिने ताट झाकूनच ठेवले.
"रोज निरोपच आनता. त्यांनी दुसरी बाई तर न्हाई ना केली?"
शपथ घेतली, न्हाई म्हणून.
"मग येत का न्हाईत?"
तिला माझीच दया आली असावी. विचारले, "तुमी रोज हितं येता. घरी कुनी न्हाई का तुमास्नी?"
"हाय. बायको हाय."
"जेवली का ती?"
"न्हाई. माजी वाट बगत बसलीया."
"आवं, मग हितं काय बसलाय? जावा की घरी."
कडी घातली. कट्ट्यावर बसूनच हे लिहितो आहे. भांड्यांचा आवाज अजून नाही. उद्या सोमवार.